रंगकामानंतर न मिटणारी कपाटांची दारे : लाकूड, रंगाचा थर आणि ऋतुमान

घरातील अथवा ग्रंथालयातील लाकडी कपाटाला नवा रंग द्यावा, रंग वाळावा, पुस्तके पुन्हा खणांत लागावीत आणि मग ध्यानात यावे की दार पूर्वीसारखे मिटत नाही, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याची कारणे शोधण्याची आवश्यकताच सहसा कोणास भासत नाही. रंगाऱ्याने थर जाड दिला असे म्हणून सुतारास पाचारण केले जाते, सुतार कडेवरून रंधा फिरवितो, दार मिटते आणि प्रकरण निकालात निघाले असे मानले जाते. पुढील वैशाखात त्याच दाराच्या कडेला काडेपेटीतील काडी सहज आत जाईल एवढी फट पडलेली असते. त्या फटीतून धूळ जाते, झुरळे जातात, कसर जाते. कपाटात कपडे असले तर हे सोसण्याजोगे आहे. परंतु जुनी दप्तरे आणि पोथ्या असतील, तर रंध्याने काढलेल्या त्या दोन मिलिमीटर लाकडाची किंमत फार मोठी ठरते. शिवाय काढलेले लाकूड परत येत नाही.

वस्तुतः ‘रंगामुळे दार बसेनासे झाले’ हे विधान म्हणजे निरनिराळ्या अनेक घटनांना दिलेले एकच नाव होय. त्यांपैकी काहींमध्ये रंगाचा दोष असतो, काहींमध्ये रंग केवळ निमित्तमात्र असतो. कोणती घटना घडली आहे हे ठरविल्यावाचून रंधा हाती घेणे म्हणजे निदानापूर्वीच शस्त्रक्रिया करणे होय.

प्रथम लाकडाचा विचार करणे इष्ट. लाकूड सुकवून, कापून, जोडून कपाट झाले तरी त्याचा हवेशी व्यवहार थांबत नाही. हवेतील बाष्प लाकडाच्या तंतूंच्या भित्तिकांत शिरते आणि त्या फुगतात. हवा कोरडी झाली की बाष्प बाहेर पडते आणि त्या आकुंचन पावतात. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या शुष्क वजनाच्या सुमारे ३० टक्के होईपर्यंत ही क्रिया चालते; त्यापुढील पाणी तंतूंच्या पोकळीत राहते आणि त्याने आकारमान वाढत नाही. हे फुगणे सर्व दिशांनी सारखे नसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते नगण्य असते. वाढवलयांना छेदून जाणाऱ्या, म्हणजे अरीय, दिशेने ते मध्यम असते, आणि वलयांना स्पर्श करून जाणाऱ्या दिशेने सर्वाधिक असते. ओल्या अवस्थेतून पूर्ण शुष्क होईपर्यंत सागवान अरीय दिशेने सुमारे २.५ टक्के आणि स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते. सागवानाची ख्याती ‘न हलणारे लाकूड’ अशी आहे, आणि इतर अनेक लाकडांच्या तुलनेने ती यथार्थही आहे. परंतु न हलणारे म्हणजे कमी हलणारे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावयाचा.

हे आकडे दाराला लावून पाहिले म्हणजे त्यांचे महत्त्व कळते. पुण्यासारख्या ठिकाणी एप्रिलच्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता २० ते २५ टक्क्यांच्या आसपास उतरते, तर ऑगस्टमध्ये ती बराच काळ ८० टक्क्यांच्या वर असते. हवेची आर्द्रता ४० टक्के असता लाकूड कालांतराने सुमारे साडेसात टक्के पाण्यावर स्थिरावते आणि ८० टक्के असता सुमारे सोळा टक्क्यांवर. खोलीच्या आतील हवा बाहेरच्या दुपारइतकी कोरडी होत नाही, म्हणून वर्षभरातील फरक आठ टक्के धरला तर तो अतिशयोक्त होणार नाही. आता ४५ सेंटिमीटर रुंदीचे, उभ्या फळ्या जोडून केलेले दार घेतले, आणि त्या फळ्या स्पर्शरेषेच्या दिशेने कापलेल्या असल्या, तर एप्रिल आणि ऑगस्ट यांमध्ये त्याची रुंदी जवळजवळ सात मिलिमीटरने बदलू शकते. फळ्या अरीय कापाच्या असल्या तर तीन मिलिमीटरने. उंचीत मात्र मोजण्याजोगा फरक पडत नाही. म्हणूनच पावसाळ्यात अडणारे दार बहुधा उभ्या कडेला अडते, आणि वर किंवा खाली घासणाऱ्या दाराचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

जुन्या सुतारांना हे आकडे ठाऊक नव्हते, परंतु त्यांनी त्यावर काढलेला तोडगा आजही सर्वोत्तम आहे. तो म्हणजे दिलेदार दार. दोन उभ्या आणि दोन किंवा तीन आडव्या पट्ट्यांची चौकट करावयाची, तिच्या आतील कडेला खाच पाडावयाची आणि त्या खाचेत पातळ फळीचा दिला सैल बसवावयाचा. आडव्या पट्ट्यांचे तंतू दाराच्या रुंदीच्या दिशेने जातात, त्यामुळे त्या फुगून दार रुंद होत नाही. फुगतात त्या केवळ दोन उभ्या पट्ट्या. प्रत्येकी सात सेंटिमीटरच्या धरल्या तरी दोहोंचे मिळून फुगणे दोन मिलिमीटरच्या आसपास राहते. मधला दिला वाटेल तेवढा फुगो, तो खाचेतल्या मोकळ्या जागेत फुगतो. या रचनेचे सारे रहस्य त्या मोकळ्या जागेत आहे. रंगारी जेव्हा दिल्याच्या कडेची बारीक फट कुरूप दिसते म्हणून तीत लांबी भरतो, आणि तीवर तीन हात रंगाचे चढवितो, तेव्हा तो नकळत दिल्याला चौकटीशी जखडून टाकतो. मग पावसाळ्यात दिला खाचेत सरकू शकत नाही, तो चौकटीलाच बाहेर रेटतो आणि सांधे सैल होतात. किंवा उन्हाळ्यात आकसताना मधोमध चिरतो. येथे दोष रंगाचा आहे खरा, पण तो थराच्या जाडीचा नसून रंगाने केलेल्या बंधनाचा आहे. अशा दाराची कड रंधण्यात काहीच हशील नाही. दिल्याच्या कडेने पातळ सुरीने लांबीची रेघ कापून त्यास पुन्हा मोकळे करणे हाच उपाय होय.

या संदर्भात रंगकामाच्या हंगामाकडेही लक्ष वेधणे अवश्य आहे. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, घराची रंगरंगोटी गणपतीपूर्वी किंवा दिवाळीपूर्वी करण्याचा प्रघात आहे. श्रावणाचा उत्तरार्ध म्हणजे लाकूड वर्षभरातील सर्वाधिक फुगलेल्या अवस्थेच्या जवळ आलेले असते. त्या वेळी रंगाच्या निमित्ताने दारे उतरविली जातात, सोड्याच्या पाण्याने धुतली जातात, आणि पुन्हा बसविताना ती अडतात. रंग दिला नसता तरी ती कदाचित अडलीच असती. परंतु वर्षभर ज्या दाराकडे कोणी पाहिले नव्हते त्याकडे रंगामुळे सर्वांचे लक्ष जाते, आणि अपश्रेय रंगास मिळते. शिवाय फुगलेल्या लाकडावर चढविलेला रंग आतील आर्द्रता काही काळ कोंडून ठेवतो. तेलरंग बाष्पाला पूर्णपणे अडवीत नाही, त्याची गती मात्र मंद करतो. परिणामी असे दार मार्गशीर्षात आकसावयाचे ते माघात आकसते, आणि मधल्या काळात रंगाला फोड येण्याचा संभवही असतो.

दाराच्या वरच्या आणि खालच्या कडा बहुधा रंगाविना राहतात, कारण त्या कोणास दिसत नाहीत. तेथे आडव्या पट्ट्यांची रुंदी दिसते, पण दोन्ही टोकांना उभ्या पट्ट्यांचे कापलेले तंतू उघडे असतात. आणि तंतूंच्या टोकांकडून बाष्पाचा प्रवेश पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटीने जलद होतो. दर्शनी बाजू तीन थरांनी बंद, आतली बाजू कोरी आणि टोके उघडी अशा दाराची आतली बाजू अधिक फुगते व दार धनुष्यासारखे बाक घेते. कित्येक ‘न मिटणारी’ दारे वास्तविक मिटतात. त्यांचा एखादा कोपरा तेवढा बाहेर राहतो. तो या बाकाचा पुरावा होय. दोन्ही बाजूंना सारखेच थर देणे आणि टोकांना निदान अस्तराचा हात देणे, ही खबरदारी खर्चाच्या मानाने फार फलदायी आहे.

आता थराच्या जाडीचा प्रश्न. कुंचल्याने दिलेल्या तेलरंगाचा एक हात वाळल्यावर साधारणतः ०.०३ ते ०.०४ मिलिमीटर उरतो. अस्तर आणि दोन हात मिळून सुमारे ०.१ मिलिमीटर होतो. एकपाखी दाराच्या रुंदीच्या दिशेने दोन फटी असतात आणि प्रत्येक फटीला दोन पृष्ठभाग. म्हणजे चारही पृष्ठभाग रंगविल्यास ०.४ मिलिमीटर जागा व्यापली जाते. दुपाखी कपाटात मधली फट धरून सहा पृष्ठभाग होतात. ज्या दाराला दोन्ही बाजूंस मिळून तीन मिलिमीटरची मोकळीक आहे त्याला याचे काहीच वाटत नाही. मात्र जुना रंग न खरवडता दर चार-सहा वर्षांनी नवा चढविला गेला असेल, तर चौथ्या खेपेस नुसत्या रंगानेच दीड मिलिमीटरहून अधिक जागा घेतलेली असते, आणि मध्ये लांबीचे हात असतील तर त्याहूनही पुष्कळ. येथे रंगच दोषी आहे, आणि म्हणून काढावयाचा तो रंग, लाकूड नव्हे. कडेवरील सोललेल्या कपचीत निरनिराळ्या रंगांच्या रेघा झाडाच्या वलयांप्रमाणे मोजता येतात. त्या मोजल्या की किती जागा परत मिळेल याचा अंदाज येतो.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो बिजागरीचा भाग, आणि घोटाळा बहुधा तेथेच असतो. दार म्हणजे बिजागरीच्या सळईभोवती फिरणारी तरफ. सळईपासून दोन सेंटिमीटर अंतरावर, दाराच्या आतील पृष्ठभागावर किंवा ते जेथे टेकते त्या चौकटीच्या थापेवर, अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगाचा ओघळ सुकून बसला असेल, तर ४५ सेंटिमीटर रुंदीच्या दाराची मोकळी कड अकरा मिलिमीटर बाहेर राहते. गृहस्थ मोकळ्या कडेकडे पाहतो, कारण दार तेथे उघडे दिसते. आणि सुतारही घाईत असला तर तेथेच रंधतो. अशा दाराची खूण निश्चित आहे. ते दाबले तर मिटते, पण हात काढताच स्प्रिंग लावल्यासारखे परत येते. मोकळ्या कडेला खरोखर अडणारे दार असे परत येत नाही, ते घासते आणि अडकून बसते. एवढा एक भेद ओळखता आला तरी अर्धी दारे रंध्यापासून वाचतील.

बिजागरीपाशी आणखीही काही संभवते. पाने न काढता त्यांच्यावरूनच कुंचला फिरविण्याची रंगाऱ्यांची जी सवय आहे तिने सळईच्या सांध्यात रंग भरतो आणि बिजागरी जड होते. पाने काढून रंगविले तर पानांसाठी पाडलेल्या खाचेत रंग व लांबी साचते. पुन्हा बसविलेले पान खाचेबाहेर उचलून राहते आणि तेवढ्या अंतराने सारे दार मोकळ्या कडेकडे सरकते. जुने स्क्रू हरवून त्यांच्या जागी मोठ्या डोक्याचे स्क्रू घातले तर समोरासमोरची डोकी एकमेकांवर टेकतात आणि दार तेच स्प्रिंगचे लक्षण दाखविते. वरच्या बिजागरीची भोके सैल झाली असतील, तर दाराचा मोकळा कोपरा खाली झुकतो व तळाशी घासतो. या प्रत्येक बाबतीत कड निर्दोष असते. खाच पटाशीने स्वच्छ करणे, योग्य मापाचे स्क्रू घालणे, सैल भोकात सरस लावून सागवानाची किंवा बांबूची बारीक काडी ठोकणे व सरस वाळल्यावर नव्याने भोक पाडणे, एवढ्यात काम होते. किंचित झुकलेले दार उचलावयाचे असेल तर खालच्या बिजागरीच्या पानामागे पुठ्ठ्याचा पातळ तुकडा घालावा. तळाचा भाग त्याने बाहेर ढकलला जातो आणि मोकळी कड वर उचलली जाते. दोन बिजागऱ्यांतील अंतर एक मीटर व दाराची रुंदी ४५ सेंटिमीटर असता अर्ध्या मिलिमीटरचा पुठ्ठा मोकळी कड जवळजवळ पाव मिलिमीटर उचलतो. हा लाभ अल्प आहे, परंतु घासणे थांबण्यास पुष्कळदा तेवढाच पुरतो.

रंगाशी ज्याचा यत्किंचितही संबंध नाही असे एक कारण रंगकामातच उद्भवते. रंगासाठी कपाट रिकामे करून भिंतीपासून हलविले जाते आणि मागाहून परत ठेवले जाते. शहाबादी किंवा जुन्या फरशीचा उंचसखलपणा दोन-तीन मिलिमीटरचा सहज असतो. कपाट चार बोटे इकडेतिकडे ठेवले गेले की त्याचा एखादा पाय अधांतरी राहतो, पुस्तके भरल्यावर त्या बाजूला सांगाडा खचतो आणि चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो. दुपाखी कपाटात हे तत्काळ दिसते. एक पाख वर, दुसरी खाली, आणि मधली झाकणपट्टी, जिला वेणी म्हणतात, ती एका टोकाला अडते. अशा वेळी चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते सारखे नसतील तर पाणसळ लावून अधांतरी पायाखाली पाचर सारावी. कपाट भरलेले असतानाच हे पाहावे, कारण रिकाम्या कपाटाचे कर्ण सारखे भरूनही ओझ्याखाली ते वाकडे होऊ शकते.

अडण्याची नेमकी जागा शोधण्याची रीत सोपी आहे. चौकटीच्या आतील कडेला कोरडा खडू किंवा गेरू घासावा, दार हळू मिटावे व उघडावे. जेथे खडू दाराला लागला तेथे ते घासते. जाड कागदाची पट्टी फटीतून वरपासून खालपर्यंत फिरविली तर ती जेथे थांबते ती जागाही कळते. खूण एका ठिकाणीच उमटली तर बहुधा रंगाचा ओघळ किंवा उचललेले पान असते. मोकळ्या कडेला वरपासून खालपर्यंत सारखी उमटली आणि महिना श्रावण-भाद्रपदाचा असला तर लाकूड फुगले आहे असे समजावे. या दुसऱ्या अवस्थेत काम जितके लांबविता येईल तितके लांबवावे. कडेला मेणबत्तीचे मेण घासून पावसाळा काढावा आणि दार पौषात पुन्हा तपासावे.

एवढे करूनही रंध्याची गरज उरलीच, तर किती रंधावे हे ऋतूवर ठरते. भर पावसाळ्यात दिलेदार दाराला प्रत्येक बाजूस एक मिलिमीटरची मोकळीक पुरे. तीच वैशाखात साधारण दोन मिलिमीटर होईल. वैशाखात दार बसविताना मात्र सुरुवातच दोन मिलिमीटरने केली पाहिजे. कड सरळ न रंधता आतील बाजूस थोडी उतरती रंधावी. वीस मिलिमीटर जाडीच्या दाराचा आतील कोपरा सळईपासून बाहेरच्या कोपऱ्यापेक्षा सुमारे ०.४ मिलिमीटर दूर असतो, आणि फिरताना प्रथम तोच चौकटीला लागतो. दोन अंशांचा उतार दिल्यास दर्शनी फट न वाढविता तो सुटतो. उघडे पडलेले लाकूड त्याच दिवशी अस्तराने बंद करावे, अन्यथा नव्या कडेतून बाष्प शिरून सारा खटाटोप व्यर्थ जातो.

जुना रंग काढताना एक धोका आहे, त्याकडे दुर्लक्ष करता कामा नये. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भाग या मर्यादेत आणणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वीच्या थरांत शिसे पुष्कळ असू शकते. म्हणून जुन्या कपाटाची कड कोरड्या काचकागदाने घासू नये. ओली करून खरवडावी, कपच्या कागदावर गोळा कराव्यात आणि लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. ओलावलेली कड दोन-तीन दिवस वाळू द्यावी व मगच मापे घ्यावीत.

कधीकधी दार मिटते, परंतु उघडत नाही. जोर केला की रंग सोलून येतो. हा चिकटण्याचा प्रकार होय. तेलरंग हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होतो. त्याचा पृष्ठभाग एका रात्रीत कोरडा वाटला तरी आतला थर कठीण होण्यास काही आठवडे लागतात. पाण्यात मिसळावयाचे ॲक्रिलिक रंग निराळ्या रीतीने वाळतात. त्यांचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून पापुद्रा होतो आणि तो उष्णतेने पुन्हा मऊ पडतो. त्यामुळे दोन रंगीत कडा दाबाखाली एकत्र आल्या की त्या जुळू पाहतात. रंगानंतर काही दिवस दारे किलकिली ठेवावीत आणि टेकणाऱ्या कडांना शंखजिऱ्याची पूड चोळावी.

अलीकडील कारखानी फळ्यांच्या कपाटांना वरील विवेचन अंशतःच लागू पडते. त्यांच्या कपाच्या बिजागऱ्यांना दार डावीकडे-उजवीकडे, आतबाहेर व वरखाली सरकविण्याचे स्क्रू असतात आणि बहुतेक तक्रारी त्यांनीच मिटतात. लाकडाच्या भुशापासून व तंतूंपासून दाबून केलेल्या फळ्या रुंदीत फार फुगत नाहीत, पण कापलेल्या कडेला पाणी लागले तर जाडीत फुगतात आणि वाळल्यावरही पूर्वस्थितीला येत नाहीत. पाण्यात मिसळलेला रंग अशा उघड्या कडेला सरळ लावल्यास ती खडबडीत होऊन उठते. तेथे आधी तेलाचे अस्तर किंवा लाखेचा हात द्यावा लागतो. एकदा भुसभुशीत झालेली कड रंधली तर तिचे कण गळतात व स्क्रू धरत नाहीत. मग त्या दाराची फळीच नवी घालावी लागते.